न उतरलेल्या माळा

वाडीत शिरण्याआधी नवसू वहाणा काढून झटकायचा आणि पुन्हा घालायचा. पेन्सिलीला टोक विळ्यानं काढायचा. घरोघरी दारामागच्या भिंतीवर आपल्या भेटीची तारीख घालताना आकडे मोठे काढायचा, म्हाताऱ्यांना दिसावेत म्हणून; त्यातल्या एकालाही वाचता येत नसे. ज्याच्याशी बोलायचं त्याला उजेडाकडे तोंड करून बसवायचा आणि आधी त्याच्या डोळ्यांत बघायचा. ज्या घरी जाईल त्या घरचं पाणी प्यायचा, उभ्यानं, एका दमात. मेलेल्या बायकोचा विषय निघाला की पिशवीतल्या गोळ्या मोजायला घ्यायचा.

आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीतला हा माणूस. सातवी शिकला आणि हिवतापाच्या खात्यात लागला. पंधरवड्याला पंधरा वाड्या पायी हिंडायच्या, ताप कुणाला आला ते विचारायचं, बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. सहासष्टच्या उन्हाळ्यात त्याची बायको बाया काविळीनं गेली. सातवा महिना चालू होता. आठ दिवसांत सगळं आटोपलं.

पुढच्या वर्षी लोणावळ्याला एक नवे डॉक्टर आले. त्यांनी नवसूला विचारलं, "तुमच्याकडे कावीळ किती?"

"लय हाय, साहेब."

"लय म्हणजे किती? आमच्या कागदावर सबंध तालुक्यात वर्षाला सात आहेत."

त्या सातांत बाया आहे का, हे नवसूला विचारायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "कागद चुकला, साहेब."

"मग बरोबर आकडा आणा. आजारी किती, मेले किती. दोन्ही लागतील. आकडा हातात असला तर विहिरी मागता येतात. तोवर पाणी उकळून प्यायला सांगा."

उन्हाळ्यात वाड्यांना झिऱ्याचं पाणी. ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरायचा आणि पाझरेल तेवढं वाटीनं हंड्यात भरायचं. गुरं त्याच ओढ्यात बसत. माणसं त्याच काठाला परसाकडे जात.

नवसूनं वहीत दोन रकाने आखले आणि तो आपल्याच वाडीतल्या सावळाआबाच्या दारात जाऊन बसला.

"आबा, घरात कावीळ कुणाला झालती?"

"न्हाई बा. आमच्यात कशाची कावीळ?"

"मंग सुनंच्या डोक्यावर त्यो काय गजरा हाय?"

म्हातारा चिडला. "हळू बोल की रं! नाव घेतलं का माळ थांबती, ठावं न्हाई व्हय तुला? चार बुकं काय शिकला, इसारला समदं!"

नवसू विसरला नव्हता. कावीळ झाली की त्याची मावशी चिमाबाई मुळीच्या बारीक तुकड्यांची माळ करून डोक्यावर ठेवायची. माळ दिवसागणिक सैल होऊन गळ्यात यायची, मग कमरेत, मग पायांतून खाली उतरायची. उतरली की माणूस बरा. तोवर आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. बरं झाल्यावरही सहसा कुणी घेत नसे. वहीचं पान कोरंच राहिलं.

मग त्याला पांगारा सुचला. उतरलेली माळ चिमाबाई घरामागच्या पांगाऱ्याच्या काट्याला अडकवून ठेवायची. वाडीवाडीत अशी माळ करणारी एक बाई होती आणि तिचं एक झाड होतं.

"मावशे, तुजं झाड मोजू का?"

"मोज की. माज्या कोंबड्या थोड्याच हायेत, मोजल्यानं कमी व्हायला."

एकेचाळीस माळा भरल्या. वाडी एकशेतीस माणसांची. जुन्या माळा तर केव्हाच गळून गेल्या होत्या. नवसू पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. तेवढ्याच भरल्या.

"आन् उतरल्या न्हाईत त्या?" त्यानं विचारलं.

चिमाबाई म्हणाली, "त्या ज्याच्या त्याच्यासंगं गेल्या. बायाची बी गेली. झाडावर कुटनं दिसंल?"

झाड फक्त वाचलेल्यांना मोजत होतं. दुसऱ्या रकान्यासाठी दारोदार बसून विचारण्यावाचून इलाज नव्हता.

मेलेल्या माणसाविषयी लोक लगेच बोलत नाहीत. आधी पाणी देतात. पाहुणा पाणी प्यायला तर बसतात, बसले तर थोडं बोलतात. नवसू झिऱ्याचं पाणी प्यायचा, तांब्या खाली ठेवायचा आणि मग त्याच घरात सांगायचा की पाणी उकळून पीत जा. लोक हसायचे. डॉक्टरांनी एकदा खडसावलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पानी नको म्हनलं तर मानूस तोंड मिटतंय." बायका त्याला नावं सांगू लागल्या. कुणाची लेक, कुणाची जाऊ. बऱ्याच जणी पोटुशी होत्या. त्यानं सगळी नावं दुसऱ्या रकान्यात एक, दोन असे आकडे घालून लिहिली.

वैशाखात एका दुपारी चिमाबाईनं त्याला अंगणात ओढलं. "उजेडात ये. बघू."

"एकच वाडी ऱ्हायली, मावशे. मंग निजतो."

"मुडद्या, आरशात बघ!"

तिनं माळ ठेवली. तो वर टोपी घालून हिंडत राहिला. ताप होता, पोटात अन्न ठरत नव्हतं. पाचव्या दिवशी तो उंबऱ्यातच बसला आणि सावळाआबाला बायाचे वडील समजून त्यांच्याशी बोलू लागला. डोलीतून त्याला खाली रस्त्यापर्यंत आणलं. पहिली गाडी संध्याकाळी होती. ती यायच्या आधीच तो गेला. माळ कानांच्या खाली आली नव्हती. वय सव्वीस.

वही डॉक्टरांकडे पोचली. चौदा वाड्यांची पानं पुरी आहेत. आपल्या वाडीतली गेलेली माणसं त्यानं शेवटी लिहायची ठेवली होती. तिथं विचारायचं काय, समदं ठावं हाय, असं म्हणायचा. पंधराव्या पानावर वाडीचं नाव आहे. पहिल्या रकान्यात एकेचाळीस. दुसऱ्या रकान्यात एक हा आकडा घालून पुढं टिंब दिलं आहे. नाव लिहायचं राहिलं.