सगळ्यात वरच्या दर्जाचा आवाज

फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि विकतच्या गोष्टींवर तर मुळीच नाही. भाजीवाल्याच्या तराजूखालीही मी वाकून बघतो. बायको म्हणते, तुम्ही प्रसादसुद्धा हुंगून खाल. खातोच.

त्यामुळे फुलपाड्याला राहणाऱ्या लेकीने माझ्या फोनवर गाण्यांचं सबस्क्रिप्शन भरून दिलं, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. "पप्पा, हाय-रेझ आहे. स्टुडिओत रेकॉर्ड झालं अगदी तसंच ऐकू येणार," ती म्हणाली. "फक्त ब्लूटूथ नको, वायरवालेच हेडफोन लावा, नाहीतर सगळं वेस्ट." एवढ्या अटी कोण घालतं? ज्याच्या मालात खोट असते तोच.

दुसऱ्या दिवशी वाडीतलं केळीचं शिंपण उरकून मी ओट्यावर परीक्षा घ्यायला बसलो. सेटिंगमध्ये आधी सगळ्यात खालची क्वालिटी लावली, मग सगळ्यात वरची. तेच गाणं, तोच आवाज. तीळभर फरक नाही. स्क्रीनवर 'हाय-रेझ' अशी सोनेरी पाटी मात्र झळकत होती. पाटी लावायला काय जातंय! मी जन्मभर गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. माझा कान पक्का, असं पार होळी गावापर्यंतचे लोक म्हणतात. मला कोण शेंडी लावणार?

तसा त्या दिवसांत मंडळातही मला कुणाचा भरवसा उरला नव्हता. एकादशीला मी देवळात तबला सुरात लावायचा, गाभाऱ्यात समया पेटवायला जायचं, आणि परत येईपर्यंत कुणीतरी त्याला हात लावलेला असायचा. वाद्या ताणणारे लाकडी गठ्ठे सरकलेले दिसायचे. संशय पेटीवाल्यावर. त्याला आपल्या पुतण्याला तबल्यावर बसवायचं असणार, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. आणि आमचे गाणारे बुवा समोर बसून कानाडोळा करतात, म्हणजे तेही सामील.

शेवटी फोनमध्ये इक्वलायझर सापडला. ट्रेबलची, म्हणजे बारीक उंच आवाजांची, पट्टी सरकवत अगदी टोकाला नेली आणि काय सांगू, झांजा खणखणल्या, तबल्याच्या काठावरची चाट कडक ऐकू आली! चोर सापडला. हे लोक आवाज मुद्दाम बुजवून देतात आणि पट्टी असली कुठेतरी खोल दडवून ठेवतात, माझी खात्री पटली.

रविवारी लेक घरी आली. मी तिच्या कानाला हेडफोन लावले. "ऐक. खरा आवाज हा."

तिने ते ओरबाडून काढले. "पप्पा! कान फाटला माझा! कसं ऐकता तुम्ही हे?"

बायकोनेही लावून बघितले आणि दचकून खाली ठेवले. मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. तसली नजर मला बरोबर ओळखता येते.

"काय लपवताय?" मी विचारलं.

बायको पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमचा तबला सुरापेक्षा चढा लागतो हल्ली. वर्ष झालं असेल. बुवा घरी येऊन सांगून गेले, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. तुम्ही आत गेलात की पेटीवाले भाऊ गठ्ठे ठोकून सूर उतरवून ठेवतात."

म्हणजे कट होताच. मला तबल्यावर टिकवून ठेवायचा कट. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. माझ्या कानाची गोष्ट अख्ख्या मंडळाला ठाऊक, मला सोडून! लेक कानाच्या डॉक्टरांबद्दल काहीतरी बोलत होती. मी उठून वाडीत गेलो आणि उगाच केळीची वाळकी पानं कापत बसलो.

पुढच्या एकादशीला तबला लावून झाल्यावर मी आत गेलोच नाही. बुवांना विचारलं, "खरं सांगा. लागला?"

बुवांनी पेटीवाल्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघा, बुवा."

म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले. "चढा आहे रे," ते म्हणाले.

मी हातोडी पेटीवाल्यापुढे धरली. त्याने हलक्या हाताने गठ्ठे ठोकले, शाईच्या कडेला बोट मारून बघितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काडीचाही फरक कळला नाही. ते म्हणतात लागला, म्हणजे लागला असणार, असं धरून मी ठेका सुरू केला.