पौर्णिमाची गोळी आणि आमचं शहाणं ऑफिस

बातमीदाराला किस्से शोधावे लागत नाहीत, पाठलाग करत येतात. पण मला सर्वांत संतापजनक किस्से नागपुरातल्या आमच्याच ऑफिसात मिळाले. आणि तेही एका गोळीवरून!

आमची पौर्णिमा पेपरची पानं लावते. तिला फिट यायची. औषध सुरू झालं, फिट थांबली. आता घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. "काही लपवायचं नाही," असं तिनं घरी बजावलं होतं.

*

पहिला दणका आमच्या क्राइम रिपोर्टरचा. गोळीचं नाव मोबाइलवर टाकून सगळ्यांदेखत ओरडला, "अबे, हे तं पागलपणाचं औषध आहे!"

"फिटलाही देतात, मूडच्या आजारालाही देतात," पौर्णिमा म्हणाली. "आणि तो आजार असलेला माणूस पागल नसतो. उद्या पान एकवर खुलाशाची चौकट टाकू काय?"

*

न्यूज एडिटर मॅडमना तिचं गोळीनं वाढलेलं वजन खुपायचं. "फिट येत नाही नं आता? मंग काहून गोळ्या खाऊन राहिली वं? बंद कर!"

"बीपी नॉर्मल आलं म्हणून तुम्ही तुमची गोळी बंद केली काय, मॅडम?"

आरोग्य पुरवणी याच बाई काढतात!

*

कहर केला जाहिरातवाल्या साहेबांनी. गोळी मूड स्थिर ठेवते, एवढंच त्यांनी ऐकलं. कळमेश्वरच्या एका कारखानदाराला भेटायचं टेन्शन होतं, तर पौर्णिमाच्या ड्रॉवरमधल्या दोन गोळ्या न विचारता खाल्ल्या! आणि मीटिंगमध्ये चक्क घोरले.

मी झापलं, तर म्हणतात, "पण मूड तं एकदम स्टेबल होता गा!"

*

मग प्रताप नगरात तिच्या घरी तिला बघायला पाहुणे आले. तिच्या वडिलांनी मलाही बोलावलं. मुलगा तिला आवडला होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिनं सगळं सांगितलं.

"लेकराबाळाचं काय?" मुलाच्या आईनं विचारलं.

"आधीची गोळी पोटातल्या बाळाला चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती बदलून दिली. पण मनानं बंद केली, तर फिट परत येऊ शकते."

"आमच्या घरी गोळी नको. एवढीच अट."

आणि तिचे वडील, शाळेतले मास्तर, ताडकन म्हणाले, "करते नं बंद! आजपासूनच!"

मी थक्क! मुलगा खाली फरशीकडे बघत बसला.

पौर्णिमा उठली. पाण्याचा ग्लास आणला, पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं, सगळ्यांसमोर गोळी गिळली.

"चहा घ्या," ती म्हणाली. "थंडा होऊन राहिला."