डुलकीवरची सही

छापखान्यात त्यांना सगळे हंकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं.

हंकाकांचं काम मुद्रितशोधकाचं. त्या छापखान्यात औषधांच्या खोक्यात घालायची पत्रकं छापत. घडीवर घडी पडत पडत नखाएवढी होणारी, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांची पत्रकं. तिथली जुनी रीत अशी की असं पत्रक एकट्याने तपासायचं नाही. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविराम आणि कंसासकट. दुसऱ्याने छापायच्या पानावर बोट ठेवून ऐकायचं. ओळ जुळली की ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचं, आणि 'हं' आला की वाचणाऱ्याने पुढची ओळ घ्यायची. हंकाका तेवीस वर्षं ऐकणारे होते.

आता इतकी वर्षं माणूस हं म्हणत राहिला की तो हं त्याच्या ताब्यात राहत नाही. घरी बायको बोलत असली की काकांचा हं बरोबर ठरल्या जागी पडायचा. अशाच एका हं-वर मेहुणा आठ दिवसांसाठी राहायला आला आणि चार महिने हलला नाही. "तुम्हीच हो म्हणालात की," असं बायको म्हणाली. यावर काका काय बोलणार? हं म्हणाले.

काकांना एका जागी बसवत नसे. दोन पानं झाली की उठायचे. टोकदार पेन्सिल पुन्हा तासायचे, तहान नसताना पाणी प्यायचे. जिन्यातल्या 'येथे थुंकु नये' या पाटीवरचा 'कु' खडूने दीर्घ करून यायचे. कुणीतरी तो पुसायचं, म्हणजे पुन्हा जायला निमित्त. बाकीचेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. डिंकाच्या टेबलावरची बाई पत्रकांच्या गठ्ठ्याखाली विणकाम लपवायची. गोदामवाला जेवणानंतर कागदाच्या रिमांवर असा आडवा व्हायचा की नवा माणूस त्याला मालच समजायचा. पण गोदामवाला झोपला तर कागदाचं काय बिघडतं? काकांचं तसं नव्हतं.

काकांना जेवणानंतर डुलकी यायची. पावणेतीनच्या सुमाराला डोळे अर्धे उघडे, बोट पानावर, आणि माणूस गायब. मालकांनी त्यांना दोनदा पकडलं होतं. दुसऱ्या वेळी आवाज न चढवता म्हणाले होते, "काका, तिसऱ्यांदा दिसलात तर घरी जाऊन झोपा. कायमचे." काका पंचावन्नचे. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी. या वयात दुसऱ्या दारात कोण उभं करतं?

तर त्या मंगळवारी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक होतं. वाचायला ताई होती. काकांहून वीस वर्षांनी लहान, पण तिला सगळा छापखाना ताईच म्हणायचा. ताईचा आवाज एकसुरी, नळ टपकत राहावा तसा. ती वाचत होती, काका हं म्हणत होते. मग ताई म्हणाली, "झालं. करा सही." काकांनी सही केली. खाली वेळ लिहायची रीत होती, तीही लिहिली, दोन पन्नास. मशीनमन येऊन पान घेऊन गेला.

पान गेल्यावर काकांना जाग आली.

म्हणजे जागे ते आधीच होते, पण जागं झाल्याचं कळलं तेव्हा. शेवटचं आठवत होतं ते 'औषधातील घटक'. त्यानंतर एकदम 'कोरड्या व थंड जागी ठेवावे'. मधलं काहीच नाही. मात्रा किती, कोणत्या वयाला किती, कुणाला द्यायचं नाही, त्रास झाला तर काय करायचं, सगळे परिच्छेद काकांच्या बोटाखालून गेले होते आणि काका तिथे नव्हते.

ते उठून मशीनच्या खोलीकडच्या माठावर गेले, पाणी प्यायले आणि मान लांब करून पान दिसतं का पाहिलं. परत आले, बसले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला मशीनमन म्हणाला, "काका, आज उंट झालात की काय?"

"ते मघाचं पान जरा दे रे. एक नजर टाकतो."

"सही झालेलं पान? तुम्हाला नियम मी सांगू? सही खोडायची तर मालकांसमोर."

दुसरी प्रत काढून घ्यावी तर टाइप करणारा अर्ध्या दिवसाची रजा टाकून पसार झालेला. काका जाग्यावर आले. पेन्सिल तासली, इतकी तासली की टोक मोडलं. शेवटी खुर्ची ताईजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "ताई, मघाशी मी झोपलो होतो. तुला कळलं नाही?"

"काहीतरीच काय काका! तुमचे हं येत होते की. एकही चुकला नाही."

"हं येत होते गं. मी नव्हतो."

"अहो, मग मी तरी कुठे असते?" ताईचा आवाज रडवेला झाला. "तोंड वाचत असतं. मी मनातल्या मनात घरी जाते, भांडी घासते, पोराची वह्या-पुस्तकं भरते. तुमचा हं आला की पुढची ओळ. मला वाटतं, काका आहेत ना."

"आणि मला वाटतं, ताई आहे."

दोन पहारेकरी ठेवले की एक तरी जागा राहील असं ज्याने कुणी ठरवलं, त्याला माणसं ठाऊक नव्हती. दोन असले की दोघांनाही झोप लागते.

इतक्यात मशीन सुरू झालं आणि टेबलावरच्या पेन्सिली थरथरू लागल्या. काका उठले, बसले, पुन्हा उठले. एक मन म्हणत होतं, तेवीस वर्षांत काही झालं नाही, आजच कसं होईल? बोलशील तर उद्यापासून घरी. दुसऱ्या मनाला मात्र एक आई दिसत होती, तापलेलं पोर मांडीवर घेऊन ती बारीक अक्षरं दिव्याजवळ धरून वाचणारी. काकांना भीती वाटली. आधी नोकरीची वाटली, आणि मग त्याहून मोठी. ते चपला न घालताच मालकांच्या खोलीत गेले.

"मशीन थांबवा. मी झोपलो होतो."

मालक उठले आणि त्यांनी मशीन थांबवलं. पान परत आलं. मालकांसमोर सही खोडली गेली, मालक पाठीमागे उभे राहिले, आणि ताईने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. या वेळी ती एकेक शब्द तोडून वाचत होती आणि काकांचं बोट घामाने पानाला चिकटत होतं. ओळीमागून ओळ जुळत गेली. मात्रा बरोबर, वय बरोबर. चूक सोडा, एक स्वल्पविराम हललेला नव्हता.

मालकांनी सुस्कारा सोडला. "नशीब तुमचं. आपण होऊन आलात म्हणून ही तिसरी वेळ धरत नाही. जा, कामाला लागा."

सगळे हसले. मशीनमन म्हणाला, "काका, तुम्ही झोपेतच तपासत जा. जास्त चोख होतं." डिंकवालीने गठ्ठ्याखालचं विणकाम बिनधास्त वर काढलं. ताईने डोळे पुसले. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून घोटभर चहा प्यायला असता.

काकांना चहा गेला नाही. आज निभावलं. पण डुलकी काय आजच लागली होती? ते बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. सही केलेलं प्रत्येक पान मूळ मजकुरासह मागच्या कपाटात ठेवलेलं असायचं. काकांनी कपाट उघडलं आणि पावणेतीन ते तीनच्या मधली वेळ लिहिलेली पानं वेगळी काढली. गठ्ठा त्यांच्या अंदाजापेक्षा जाड निघाला.

"ताई, वाच."

"काका, झालं ना आता? कशाला उकरून काढताय?"

"वाच गं."

ती वाचू लागली. सात पत्रकं स्वच्छ निघाली. आठवं खोकल्याच्या औषधाचं, चौदा महिन्यांपूर्वीचं. ताईने वाचलं, "दोन चमच्यांपेक्षा अधिक देऊ नये." काका हं म्हणाले. ताईने पुढची ओळ वाचली, "दोन वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये." काकांचं बोट जागच्या जागी थांबलं. पानावर ती ओळ नव्हती. दोन्ही ओळी 'देऊ नये'वर संपत होत्या. टाइप करणाऱ्याची नजर एकीवरून घसरून दुसरीच्या पुढे गेली होती. असलं घसरणं पकडायलाच तर ही वाचायची रीत होती. खाली काकांची सही होती. वेळ दोन पंचावन्न.

ताईने दाराकडे पाहिलं आणि कुजबुजली, "काका, कुणाला माहीत नाही. वर्ष उलटून गेलं. घरात शिकणारी पोर आहे तुमच्या."

काकांनी पान उचललं. मालक बॅग घेऊन निघण्याच्या बेतात होते. "आता आणखी काय? पान तर बरोबर निघालं."

"हे नाही निघालं," काका म्हणाले.

मालकांनी वाचलं. बॅग खाली ठेवली. "किती छापली होती?"

"साठ हजार."

मालकांनी औषध कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडच्या मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तपासलं कुणी होतं?"

मालक काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मी. म्हणजे तपासलं नव्हतं, सही केली होती. मी झोपलो होतो."

"थांबा, साहेबांना देते."

मालकांनी खुर्ची पुढे सरकवली, पण काका उभेच राहिले. ताई दारात येऊन थांबली होती. बऱ्याच वेळाने एक जड आवाज आला. "खोकल्याचं म्हणता ना? त्याची एक तक्रार आली होती आमच्याकडे. सव्वा वर्षाचं पोर. चार दिवस दवाखान्यात होतं, आता बरं आहे. पण ती बाई दर आठवड्याला फोन करायची. म्हणायची, पत्रकात असं कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही म्हटलं, बाई, तुम्ही नीट वाचलं नसेल. तुमच्या चुकीला आम्ही काय करणार? मग यायचे बंद झाले तिचे फोन."

"नीट वाचलं होतं तिने," काका म्हणाले. "तिने एकटीनेच वाचलं होतं." आणि मालकांकडे न बघता त्यांनी त्या बाईचा पत्ता विचारला.