प्रभुदयालजींची सही

प्रभुदयाल छीपा गिऱ्हाईकाला कापड कोरडं विकत नसत. सांगानेरला त्यांच्या अंगणात पाण्याची बादली कायम भरलेली असे. पत्नीसाठी साडी घ्यायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ती नवीकोरी साडी त्यांनी माझ्याच हातानं बादलीत बुडवायला लावली. मी बिचकलो. ते म्हणाले, "पहले भिगोइए, साहब. रंग कच्चा निघाला तर माझ्यासमोर निघू दे, घरी बाईसाहेबांसमोर नको." रंग उतरला नाही. ओली साडी वर्तमानपत्रात गुंडाळून मी बसनं घरी आणली.

मी सोलापूरचा. सरकारी उद्योग खात्यात निरीक्षक म्हणून बदलीवर जयपूरला आलो होतो. सांगानेरचे छपाईकार माझ्याच कामाचा भाग होते. पुढे नेपाळशी व्यापाराचा करार झाला आणि दोन्हीकडचा माल जकातीवाचून ये-जा करू लागला. ठशांनी छापलेलं सुती कापड तिकडच्या डोंगरी गावांत खपू लागलं. प्रभुदयालजींकडे छपाईची तीन मेजं होती, त्यांची नऊ झाली.

एका हिवाळ्यात हर्कबहादूर आला. तो नेपाळातला रंगारी, पन्नाशीचा. सांगानेरच्या स्वस्त कापडापुढे त्याचं काम बंद पडलं होतं, आणि हे कापड छापतो तरी कोण, ते बघायला तो विचारत विचारत इथवर पोचला होता. आता भांडण जुंपणार, असंच सगळ्या कारागिरांना वाटलं. प्रभुदयालजींनी त्याला आधी जेवायला वाढलं. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भैया, तुझी चूल मी विझवली आणि मला पत्ताच नाही." त्याला त्यांनी वर्षभर ठेवून घेतलं, आणि जाताना घराण्याचा पक्का लाल रंग करायला शिकवून पाठवलं. घरचा रंग परक्याला दिला म्हणून बिरादरीनं नावं ठेवली. ते म्हणत, "रंग काय बापानं पेटीत घालून दिलेला असतो? बापालाही कुणी तरी शिकवलाच होता."

काही वर्षांनी त्याच वाटेनं उलटा माल येऊ लागला. नेपाळात नवे कारखाने निघाले होते. झुळझुळीत, इस्त्री न लागणारं नायलॉन जयपुरात राजा पार्कच्या दुकानांत भरलं. माझ्या पत्नीनंही दोन साड्या घेतल्या. सांगानेरची मेजं एकेक करून थांबली.

करार मोडून नेपाळचा माल अडवावा, असा छपाईकारांचा अर्ज मी तयार केला. सगळ्यांनी सह्या केल्या. प्रभुदयालजी बिरादरीत वडीलधारे. त्यांच्या सहीला वजन होतं. नेहमीसारखा त्यांनी अर्ज मलाच वाचून दाखवायला लावला. मग विचारलं,

"आपला माल तिकडे जात होता, तेव्हा असा अर्ज आपण केला होता?"

त्यांचा मुलगा मदनलाल चिडला. "बाबूजी, सात मेजं बंद आहेत. धर्माच्या गोष्टी पोट भरल्यावर!"

"पोट भरलं होतं तेव्हाही आपण त्या केल्या नाहीत, बेटा." मग ते माझ्याकडे वळले. "साहब, एक ओळ घाला. करार मोडू नका, मतलब, दोन्हीकडच्या कारागिरांना विचारून नवा करा. मी आत्ता सही करतो."

मी हो म्हणालो आणि ती ओळ घातली. सह्यांचा कागद वेगळा होता. त्यावर त्यांनी सही केली.

कचेरीत माझ्या साहेबांनी ती ओळ खोडली. मी अर्ज पुन्हा लिहून काढला, जुनाच, करार मोडण्याचा, आणि खाली सह्यांचा तोच कागद जोडला.

पुढे नेपाळच्या कापडावर बंधनं आली. आमच्या अर्जानं आली की कशानं, देव जाणे. पण सांगानेरच्या लोकांनी प्रभुदयालजींना हार घातला. त्या गर्दीतच त्यांनी मला विचारलं, "ती ओळ होती ना?"

माझ्या तोंडाकडे बघून ते समजले. त्यांनी हार काढून मेजावर ठेवला. "राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्याही घरी चूल आहे."

त्यानंतरही मी सांगानेरला जात राहिलो. चहा मिळे, मुलाबाळांची विचारपूस होई. पण कुठल्या सरकारी कागदावर सही लागली, की ते चष्मा मागवत आणि ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः वाचत. मी समोर बसून राही. ते वारेपर्यंत त्यांनी मला पुन्हा कधीही काही वाचून दाखवायला सांगितलं नाही.