नथूमामाची पहिली घंटा

शनिवारी दुपारी पावणेतीनला मी झोपत नाही, नुसते डोळे मिटतो. या दोहोंतला फरक सलोमीला कधी पटलेला नाही. आत्ता वाद घालायला ती जवळ नाही. समोरच्या झुलत्या दारांपलीकडे डॉक्टर तिचं हृदय उघडून बसले आहेत. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ते मला जमलं नव्हतं. दोन तास लागतील म्हणाले होते, त्याला चार तास झाले.

मांडीवर तिची पर्स आहे. आत जाताना देऊन गेली. म्हणाली, "उद्या आगमनाचा पहिला रविवार. आशेची मेणबत्ती आहे त्यात. दाबू नका, वाकते." नाताळाआधीच्या चार रविवारी चर्चमध्ये एकेक मेणबत्ती लावतात, त्यातली पहिली आशेची. जन्मभर विनोदी सदरं लिहून निवृत्त झालो, पण आशा वाकते हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

मी फरशा मोजतो. तिसऱ्या रांगेत फरशा मऊ होतात. बाकावर शेजारी कोणी तरी टेकतं आणि लवंगेच्या तेलाचा वास येतो.

"सलाम, आमोसराव."

नथूमामा. आमच्या गावच्या चर्चचा घंटावाला. कानात लवंगेच्या तेलाचे बोळे घालून त्याने पन्नास वर्षं घंटा दिली. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मूठभर माती मीही टाकली होती. पण हे माणसाला तोंडावर सांगणं बरं दिसत नाही.

"तब्येत बरी दिसते, मामा."

"खांदे तेवढे धरतात."

"अजून?"

"पन्नास वर्षांचं दुखणं. मातीनं जातंय होय."

सलाइनची बाटली जिथे टांगतात तिथून एक दोर लोंबतो आहे. मामा उठतो, बोळे नीट बसवतो, दोर धरून ओढतो. छताच्या वर कुठे तरी घण् होतं.

पुढचा ठोका पडायला फार वेळ लागतो. गावात कोणी गेलं की नथूमामा अशीच घंटा द्यायचा, सावकाश, गेलेल्याच्या वयाइतके ठोके. शेतातली माणसं हातातलं खुरपं थांबवून मोजायची आणि कोण गेलं ते ओळखायची. सलोमीला एकोणसत्तर पुरी झाली आहेत.

"मामा, कुणासाठी?"

मामाच्या कानात बोळे. अकरा. बारा.

हा दवाखाना नाहीच, गावचं चर्च आहे. पुढे वेदीच्या जागी तीच झुलती दारं. तिसऱ्या बाकावर पांढऱ्या साडीत सलोमी पाठमोरी बसली आहे. मी हाक मारतो, ती मान वळवत नाही. एकतीस. मी चालतो तसे बाक वाढत जातात. शेवटच्या बाकाशी माझ्या जुन्या वर्तमानपत्राचं टेबल आहे, त्यावर उद्याचं पान लावलेलं. खालच्या कोपऱ्यात काळी चौकट, आत कुणाचंच नाव नाही. त्रेपन्न. हात पुसून मी ती चौकट झाकून धरतो. साठ. पासष्ट.

सहासष्टला मी धावत जाऊन दोराला लोंबकळतो.

"काय करतोस?" मामा एका कानातला बोळा काढतो.

"सहासष्ट झाले. आता पुरे."

"मोजत होतास? मी नव्हतो."

"मयताची घंटा मोजूनच देतात."

"मयताची देतंय कोण? ही उपासनेची. पहिली घंटा. पहिलीला आकडा नसतो बाबा, लोकं घरातून निघेस्तवर वाजवायची. दुसरी उपासना सुरू होताना."

"इतकी सावकाश?"

"सांगितलं ना, खांदे."

मी दोर सोडत नाही. "मामा, ती वाचेल का तेवढं सांगा."

"मला काय ठाऊक. मी घंटावाला, पाळक नाही."

"पाळकांना तरी कुठे ठाऊक असतं?"

"असलंच छापलं होतंस तू. घंटा मंडळीला उठवते आणि उपदेश निजवतो. पाळकसाहेब दोन महिने माझा सलाम घेईनात." मामा दुसरा बोळाही काढतो. "पहिली झाल्यावर तुझी आई काय करायची?"

"आमचे भांग पाडायची. चपला शोधायची."

"दुसरी होते का नाही, म्हणून रडत बसायची?"

"तुम्ही दुसरी देणार हे तिला ठाऊक होतं."

"मग," मामा म्हणतो. हातातला बोळा माझ्या कानाशी आणतो. "घे. मोजायची खोड जाईल."

"मामा, हा नाकातला तर नव्हे?"

"तो वेगळा. तो लोकं घालतात."

तो दोन्ही बोळे माझ्या कानांत बसवतो. दोर खाली येतो, वर जातो, घंटा हलताना दिसते. आवाज नाही.

एक नर्स माझा खांदा हलवते आहे. तिचे ओठ हलतात, आवाज नाही. मी तिच्या चेहऱ्यावर शोधतो. तिथे काहीच लिहिलेलं नाही. बहुधा त्यांना ते शिकवतच असावेत. मी कानात बोट घालतो आणि कापूस बाहेर येतो. दवाखान्यात कापूस सापडणं हा काही चमत्कार नव्हे. पण याला लवंगेचा वास आहे. दुसऱ्या कानातलाही तसाच.

"आजोबा, किती हाका मारायच्या? ऑपरेशन झालं. शुद्ध यायची आहे अजून. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले डॉक्टर."

"म्हणजे पहिली झाली."

"काय पहिली?"

मी बोळे शर्टाच्या खिशात ठेवतो आणि पर्स उघडतो. मेणबत्ती किंचित वाकली आहे. तिच्याखाली सलोमीचा कंगवा सापडतो. मी उरल्यासुरल्या केसांचा भांग पाडतो.

"अहो, निघालात कुठे? थांबावं लागेल."

"थांबतोच आहे," मी म्हणतो आणि बाकाखाली चपला शोधू लागतो.