मुखवट्यातलं मांजर

कार्टूनमधलं मांजर कुत्र्याचा मुखवटा चढवून कुत्र्यांच्या घोळक्यात बसलं होतं आणि जीव मुठीत धरून भुंकत होतं. माझी लेक हसून लोळत होती. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मुखवट्यानं काय होतंय? कुत्र्यांना वास येतच असणार की!"

मी गारच पडले. या शाकाहारी घरात बारा वर्षं मी माहेरची सुकी मासळी कॉफीच्या डब्यात दडवते आणि दर बुधवारी सासूबाई देवळात गेल्या की भाजून खाते.

"मग ते त्याला हाकलत का नाहीत?" लेकीनं विचारलं.

"असू दे म्हणत असतील," सासूबाई म्हणाल्या.

न बोलता माणसं एकमेकांना केवढं सांभाळून घेत असतात! देवळात निघताना त्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून का जातात, ते मला आत्ता कळलं.