हॉर्न वाजला की सुळका

ट्रकचा हॉर्न ऐकला की माझी मान अजून खिडकीकडे वळते. ही सवय कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या ऑफिसची. दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं करून डोळे चुरचुरायचे, म्हणून डॉक्टरांनी मध्येमध्ये लांब बघायला सांगितलं होतं, पण कामात ते राहूनच जायचं. शेवटी शेजारच्या टेबलावरची उरणची ताई म्हणाली, "खाली हॉर्न वाजला की कर्नाळ्याचा सुळका बघायचा, सोप्पं हाय!" आठवडाभरात हॉर्न वाजला की सगळं ऑफिस माना वळवू लागलं, आणि तिथे हॉर्न काही थांबत नाहीत. एकदा नेमके तेव्हाच शेठ आत आले. आमच्या वळलेल्या माना बघून धावत खिडकीशी गेले, "काय झालं? गाडी उलटली?" "नाय शेठ, डोल्यांना आराम देतोय," ताई म्हणाली. आता ओरडा बसणार म्हणून मी कीबोर्डकडे बघत बसले. शेठनी चष्मा काढला, बराच वेळ बाहेर बघितलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं झाली, हा इथून दिसतो होय?" दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला आले, तर खिडकीपाशी शेठचं टेबल आणि माझं भिंतीला! आता मी घरूनच काम करते. खिडकीतून सुळका नाही, लांबच्या बिल्डिंगच्या गॅलरीत बसलेले एक आजोबा दिसतात. हॉर्न वाजला की मी बघते, आणि ते न चुकता हात हलवतात.